दाढ काढण्याआधी हे विचारून घ्या

सात वर्षांच्या मुलीच्या किडलेल्या चार दुधाच्या दाढा एकदम काढाव्यात की दोनदा, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते त्याआधी एक्स-रे बघून दाढ वाचते का ते विचारा. मागची दुधाची दाढ साधारण दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हवी. ती आत्ताच गेली, तर सहाव्या वर्षी आलेली पक्की दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. मूळ शाबूत असेल तर रूट कॅनाल करून स्टीलची कॅप बसवता येते. काढावीच लागली तर 'स्पेस मेंटेनर'चं (काढलेल्या दाढेची जागा मोकळी राखणारं छोटं उपकरण) त्याच भेटीत विचारा, बरेचदा तो विषयच निघत नाही.

दाढा तोंडात चारही बाजूंना असतील तर जाग्या मुलीच्या एकाच वेळी काढू नयेत, निदान एका बाजूने जेवता येईल. पूर्ण भूल देणार असतील तर मात्र एकदाच उरकलेलं बरं. उपाशी किती तास ठेवायचं ते भूलतज्ज्ञांकडूनच घ्या. खर्चाचा प्रश्न असेल आणि मुंबईत असाल, तर नायर दंत रुग्णालयात लहान मुलांचा वेगळा विभाग आहे. आणि हो, बधिर ओठ मुलं गंमत म्हणून चावत बसतात, दोन-तीन तास लक्ष ठेवा!