किटमधून चॉकलेट बनवायचंय, थर्मामीटरशिवाय जमेल का?

लेकीला घरी चॉकलेट बनवायचं किट गिफ्ट मिळालंय, त्यात कोको बटर, कोको पावडर, पिठीसाखर आणि साचे आहेत पण कागदावर नुसतं वितळवा, ओता, थंड करा एवढंच लिहिलंय. मी वाचलं की डार्क चॉकलेट ४५-५० डिग्रीपर्यंत वितळवून मग २७-२८ वर आणून परत ३१-३२ पर्यंत गरम करायचं, नाहीतर वर पांढरट डाग येतात आणि तुकडा कट्कन मोडत नाही. थर्मामीटर नसताना हा अंदाज कसा घेता तुम्ही लोक? गरम भांडं मीच सांभाळणार, ढवळणं आणि साचे भरणं तिच्याकडे (चमचा चाटणं पण, ते सांगायला नकोच). पाण्याचा थेंब गेला की गुठळ्या होतात ते माहितीये. पण साखर दाताखाली कचकच लागू नये म्हणून काय करायचं? आणि साचे फ्रीजमध्ये ठेवू की बाहेरच? तिला धीर अजिबात नाहीये, प्लीज लवकर सांगा