मदत हवी आहे : एक्स८६ वरून आर्म डेस्कटॉपवर जायचं का?

मंडळी, ऑफिसातले सहा डेस्कटॉप (एक्स८६, म्हणजे इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरवाले) आता थकलेत. नवे घ्यायचेच आहेत तर आर्म, म्हणजे मोबाइलमध्ये असतात त्या जातीच्या प्रोसेसरवाले घ्यावेत, असा विचार चाललाय. वीज कमी खातात, पंख्याची घरघरही कमी.

विंडोज ११ असलेलं एक आर्म मशीन आठवडाभर वापरून पाहिलं. ब्राउझर, मेल, ऑफिस एकदम झकास. हिशोबाचं जुनं सॉफ्टवेअर फक्त एक्स८६ साठीचं, तरी तेही इम्युलेशनवर (एक्स८६ साठीचा प्रोग्राम विंडोज आर्मसाठी बदलून चालवतं, त्यावर) चाललं. मोठा रिपोर्ट काढताना जरा दम लागतो, एवढंच. घोडं अडलं ते स्कॅनरपाशी. यूएसबीची वायर जोडली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं त्रिकोणी चिन्ह येतं आणि पुढे काही नाही. मागाहून कळलं की इम्युलेशन ॲप्सपुरतंच असतं, कर्नलमधल्या (विंडोजच्या गाभ्यातल्या) ड्रायव्हरला, म्हणजे स्कॅनरसारखं उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ते लागू नाही. ड्रायव्हर आर्म६४ (६४-बिट आर्म) साठीच बनवलेला लागतो. कंपनीला मेल टाकला, तर 'मॉडेल जुनं झालं' एवढंच उत्तर. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा लायसन्स डोंगल (जो यूएसबीला लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही) अजून लावूनच पाहिलेला नाही, त्याचीच जास्त धास्ती आहे.

मॅकवाल्यांनी २०२० पासून हा बदल पचवला, पण तिथे चिप आणि सिस्टिम एकाच घरची.

तर विचारायचं असं, की स्कॅनर एका जुन्या एक्स८६ मशीनला जोडून नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये स्कॅन टाकायचे, हा जुगाड रोजच्या कामात टिकतो का? आणि आर्मवर डोंगल कुणी चालवलाय का?