चुंबकीय बल काम करतच नाही, मग विहिरीवरची मोटर पाणी कशी उपसते?

वावरातला बारावीवाला
सरांनी काल सांगतलं का चार्ज चुंबकाच्या फिल्डमधी चालला तर त्याच्यावरचं बल नेहमी वेगाच्या काटकोनात असते, म्हणून चुंबकीय बलाचं काम शून्य. गणितं जमतात मले, ०.१ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकीय फिल्ड मोजाचं एकक) फिल्डमधी २० सेंटीमीटर तार, करंट ५ अँपियर, बल ०.१ न्यूटन. पण मग तार हलली म्हणजे काम झालंच ना? आमची पाच एचपीची मोटर पाणी वर फेकते ते काम कोन करते? दोन दिवस झाले डोक्यातून जाऊनच नाही राह्यलं.

निवृत्त गुरुजी
छान प्रश्न बेटा. आधी काटकोनाचं पक्कं कर. खुंट्याला बांधलेला गोऱ्हा गोल पळतो, दोर त्याला आत ओढतो, पण दोरामुळे त्याचा वेग वाढत नाही, तो फक्त वळतो. सेकंदाला १० लाख मीटर धावणारा इलेक्ट्रॉन ०.०१ टेस्लात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या वर त्रिज्येचा गोल मारतो, वेग तेवढाच. थांबलेल्या चार्जवर तर बलच नाही.

मोटर भरणारा
गुरुजींचं बरोबर हाय, पुढचं मी सांगतो. तार सरकाले लागली का आतल्या इलेक्ट्रॉनले दोन वेग होतात, एक तारेच्या लांबीनं न एक तारेसंग बाजूले. पहिल्यामुळं जे बल येते ते तारेले ढकलते, दुसऱ्यामुळं येते ते करंटच्या उलटं, त्याच्यापायी तारेत जे उलटं व्होल्टेज तयार होते त्यालेच बॅक ईएमएफ म्हनतात. एकाचं काम जेवढं तेवढंच दुसऱ्याचं उलटं, बेरीज शून्य, तुह्ये सर चुकले नाही. त्या उलट्या बलाले रेटून करंट चालू ठेवते ते लाईन, पाण्याची ताकद तिचीच. विहिरीवरच्या इंडक्शन मोटरीत रोटरले, म्हंजे आतल्या फिरणाऱ्या भागाले, बाहेरून करंट देत नाही पण हिशोब हाच.
गाळ अडकून मोटर जाम झाली का बॅक ईएमएफ गेलाच, करंट पाच-सात पट. मागच्या आठवड्यात एक उघडली, वायंडिंग, म्हंजे आतल्या तारेचे वेटोळे, पार काळं, वार्निश करपून चिकटलेलं, आन् कपाशीले पाणी द्यायचे दिवस, लय वाईट वाटलं.

वावरातला बारावीवाला
म्हणजे चालू करतानी लाईट डिम होते ते याच्याचपायी?

मोटर भरणारा
हो, तवा मोटर फिरतच नसते ना. तारेवर करंट मोजाचं क्लॅम्प मीटर लावून पाह्य, आकडा पहिले उडते, स्पीड पकडला का खाली बसते.