दसरा चौकात एवढी बोर्डिंगं कशी काय? आत पोरं राहायची कशी?

गडहिंग्लजकर
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेच्या हस्तलिखिताचा यंदाचा विषय कोल्हापूरची शिक्षणपरंपरा असा ठेवलाय आणि बोर्डिंगांचं पान माझ्या गळ्यात पडलंय. शोधलं तर सगळीकडं तीच यादी, अमुक साली अमुक समाजाचं वसतिगृह, शाहू महाराजांनी जागा दिली, संपलं. पोरांनी यादी वाचून काय करायचं? मला खरं विचारायचंय ते असं की गावात शाळा होत्या, कॉलेज होतं, मग महाराजांनी शाळा वाढवायच्या सोडून राहायच्या जागांवर एवढा जोर का दिला. आणि नववीतलं एखादं चुणचुणीत पोरगं हमखास विचारणार की सर, जातिभेद मोडायला निघालेल्या राजानं प्रत्येक जातीचं बोर्डिंग वेगळं का काढलं, त्याला मी काय सांगू? शिवाय आतला दिवस कसा असायचा, जेवण काय, शिस्त काय, हे कुणी स्वतः राहिलेलं असेल त्यांनी लिहिलं तर लय बरं होईल.

मंगळवार_पेठ
सर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात, जेवण.

आता जरा विस्कटून सांगतो. राजाराम कॉलेज १८८० चं, त्याच्या आधीपासून हायस्कूल चालू होतं. गोपाळ कृष्ण गोखले कागलहून इथं आले, १८८१ ला मॅट्रिक झाले. म्हणजे शिक्षणाची सोय होती आणि चांगली होती. पण बाहेरगावचं पोरगं इथं येऊन खाणार कुठं? गरीब ब्राह्मणाच्या पोराला वार लावून जेवता यायचं, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, नाहीतर माधुकरी मागायची आणि कुणाच्या तरी माडीवर पथारी टाकायची. हाल होते, अपमान पण असणारच, पण एक वाट होती. शिरोळ, भुदरगड, पन्हाळ्याकडनं आलेल्या कुणब्याच्या, जैनाच्या, मुसलमानाच्या पोराला तीपण नव्हती. वार लावायला शहरात आपल्यातली तेवढी घरंच नव्हती आणि दुसऱ्याच्या पंगतीला कोण बसवून घेणार त्या काळात. अस्पृश्य पोराचं तर नावच काढायला नको. शाळेचं दार उघडं आणि स्वयंपाकघराचं बंद अशी गत. फी माफ केली म्हणून पोट भरत नाही, ही गोष्ट महाराजांना लवकर कळली.

दुसरा प्रश्न. आधी सगळ्यांचं मिळून एकच काढून बघितलं होतं, १८९६ च्या सुमारास, राजाराम कॉलेजला जोडून. चाललं नाही. थोड्याच वर्षांत तिथं जवळजवळ ब्राह्मण पोरंच उरली, बाकीची आली नाहीत किंवा टिकली नाहीत. मग १८ एप्रिल १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, त्याच साली जैन बोर्डिंग, आणि पुढं रांगच लागली, महाराज जाईपर्यंत वीसेक तरी झाली असतील. पद्धत अशी की समाजानं पुढं यायचं, वर्गणी काढायची, कमिटी करायची आणि दरबारानं जागा, इमारत, सालाचं अनुदान बघायचं. आपल्या जातीच्या पोरांसाठी माणूस खिशात हात घालतो, सगळ्यांसाठी म्हटलं की खिसा शिवलेला असतो. महाराज हे ओळखून होते एवढंच.

मुस्लिम बोर्डिंगची गोष्ट पोरांना जरूर सांगा. समाजातलं कुणी पुढं येईना म्हणून आधी काही मुसलमान पोरांना मराठा बोर्डिंगातच घेतलं, आणि १९०६ ला मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढून तिचे अध्यक्ष स्वतः महाराज झाले.

प्राची_राजारामपुरी
काका, छान लिहिलंय, पण ते जातवार काढणं मला पूर्ण पटत नाही. त्या वेळची अडचण समजू शकते. पण त्यानं जातीला इमारत मिळाली, ऑफिस मिळालं, चौकात प्लॉट मिळाला त्याचं काय? आज त्यातल्या कितीतरी ठिकाणी पोरं कमी आणि खाली गाळे जास्त, कमिटीच्या निवडणुकीला जेवढी गर्दी असते तेवढी वाचनालयात दिसत नाही. वधूवर मेळावे तिथंच, समाजाच्या बैठका तिथंच. शंभर वर्षांपूर्वीचा तात्पुरता उपाय कायमचा पत्ता होऊन बसला, असं मला वाटतं. नववीतल्या पोराला हेही सांगायला पाहिजे, नुसता जयजयकार नको.

वारणाकाठ
प्राचीताई, तुमचं गाळ्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पण हा वाद आजचा नाही, बोर्डिंगं नवी कोरी होती तेव्हाच आतून सुरू झालेला. भाऊराव पाटलांचीच गोष्ट घ्या की. कुंभोजला जन्म, राजाराम हायस्कूलला शिकायला आले आणि राहायला दिगंबर जैन बोर्डिंगात. अण्णासाहेब लठ्ठे तिथले सुपरिंटेंडेंट, शिस्त कडक, जेवताना सोवळं वगैरे. १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं (मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी, तिचं नाव दिलेलं), त्या समारंभाला भाऊराव जाऊन बसले. परत आल्यावर अंघोळ करून आत ये म्हटलं तर करणार नाही म्हणाले. गेले बोर्डिंगाबाहेर! मग महाराजांनी त्यांना आसरा दिला.

आता बघा, ज्या पोराला जातीच्या बोर्डिंगातनं काढलं त्यानं पुढं काय केलं. १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं आणि त्यात सगळ्या जातीची पोरं एका छपराखाली, एका पंगतीत, स्वयंपाक पण पोरांनीच करायचा. धान्य संपलं तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९२७ ला गांधीजी तिथं आले आणि त्यांच्या हस्ते नाव दिलं श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. जातवार बोर्डिंगं काढणाऱ्या राजाचं नाव जात न मानणाऱ्या बोर्डिंगाला! माझ्या मते तुमच्या नववीतल्या पोराचं उत्तर इथं आहे. १८९६ ला जे जमलं नाही ते तीसेक वर्षांनी जमलं, कारण मधल्या काळात बहुजनांची शिकलेली एक पिढी तयार झाली आणि ती या वेगवेगळ्या बोर्डिंगांतनंच आलेली.

आणि महाराज पण तिथंच थांबले नव्हते. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची पोरं सगळ्यांच्या शाळेत बसवायचा हुकूम १९१९ चा आहे. म्हणजे राहायला वेगवेगळे पण वर्गात एका बाकावर. क्रम लक्षात घ्या, आधी पोट, मग बाक, आणि पंगत सगळ्यात शेवटी, कारण पंगत मोडणं सगळ्यात अवघड होतं.

राशिवडे_८४
मी राहिलोय, सांगतो. कुठल्या ते लिहित नाही, कारण सुपरिंटेंडेंटच्या घरचे अजून ओळखीचे आहेत 😄 साल १९८४, आठवीला आलो. तोवर नावाला एका समाजाचं होतं पण खोलीत सगळेच असायचे.

पहाटे पाचला घंटा. घंटा म्हणजे रुळाचा तुकडा टांगलेला, त्याच्यावर लोखंडी पहार. उठलं की हौदावर गार पाणी, थंडीत पण तेच, मग प्रार्थना, मग अभ्यासाला बसायचं, डुलकी लागली की मागनं पाठीत छडीचं टोक. चहाबिहा काय नाही, थेट साडेनऊला पंगत. दोन भाकरी, भात आणि आमटी, आमटीतली डाळ शोधायची तर रंकाळ्यात उडी मारल्यागत बुडी मारायला लागायची. वदनी कवळ म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही आणि ताटात टाकलं तर संध्याकाळी अंगण झाडायचं. अमावस्येच्या आसपास कधीतरी गोड, महिन्यातनं एकदा तांबडा रस्सा, त्या दिवशी शाळेत शेवटच्या तासाला कुणाचंच लक्ष नसायचं.

खरं पोट भरायचं ते गावच्या डब्यावर. आई सकाळच्या एसटीत कंडक्टरकडं डबा द्यायची, फडक्यात बांधून वर गाव आणि बोर्डिंगाचं नाव, आणि इकडं स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायची पाळी लावलेली. पावसाळ्यात पंचगंगेला पाणी आलं की गाड्या बंद आणि डबे पण बंद, तेव्हा पूर बघायला सगळं गाव जायचं, आम्ही मात्र डब्याच्या काळजीत. डबा एकट्यानं खायचा नाही हा नियम लिहिलेला कुठंच नव्हता पण मोडायची हिंमत कुणाची नव्हती. खर्डा, शेंगाची चटणी, दशम्या. सुगीला काहींचे वडील जोंधळ्याचं पोतं आणून कोठीत टाकायचे, रोख फी द्यायला पैसे नसायचे म्हणून, ते पण चालायचं.

आणि एक प्रथा लिहा सर. आल्या दिवशी नव्या पोराचं नाव जायचं आणि गाव चिकटायचं. मी राशिवडे, शेजारचा नेसरी, कोपऱ्यात बांबवडे, ट्रंकेवर झोपणारा तो गगनबावडा. आडनाव कुणाला माहीतच नसायचं हो. तीन वर्षं एका खोलीत राहिलेल्या नेसरीचं आडनाव मला दहावीच्या हॉल तिकिटावर कळलं. प्राचीताई म्हणतात ती जात ऑफिसात असेल, खोलीत तरी आम्हाला भेटली नाही. सगळीकडं असंच असेल असं मी म्हणत नाही.

शाळेत गेलं की पेठेतली पोरं वेगळी आणि आम्ही बोर्डिंगवाले वेगळे. त्यांच्याकडं सायकल, फुटबॉलचे बूट, तालमीची टीम, आमच्याकडं अनवाणी पाय. पण कबड्डीत नाद करायचा नाही आमचा! मॅच बघायला शाहू स्टेडियमला जायचं म्हटलं तरी चिठ्ठी लागायची. दसऱ्याला मात्र आमचा भाव वाढायचा, चौकात छत्रपतींची स्वारी येणार, शमीपूजन होणार, सोनं लुटायला ही झुंबड, आणि पेठेतली तीच पोरं आमच्या गच्चीवर जागा दे म्हणून आठवडाभर मागं लागायची. त्या बदल्यात सायकल चालवायला मिळायची.

कसबा_बावडा
एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. महाराज स्वतः बोर्डर होते. १८८५ ते ८९ राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, संस्थानिकांच्या पोरांसाठी इंग्रजांनी काढलेली निवासी शाळा ती, इंग्लंडच्या पब्लिक स्कूलच्या धर्तीवर. नोकरचाकर, घोडे, क्रिकेट सगळं. भावनगरच्या भावसिंहजींशी त्यांची दोस्ती तिथलीच आणि ती शेवटपर्यंत टिकली. नंतर धारवाडला फ्रेजरसाहेबांकडं शिकले आणि १८९४ ला गादीवर बसले. गादीवर बसल्यावर पाचसात वर्षांतच हा माणूस शेतकऱ्याच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढायला लागतो. घरापासून लांब, बरोबरीच्या पोरांत राहून माणूस काय शिकतो हे त्यांनी स्वतः अनुभवलेलं होतं. हा माझा अंदाज, कुणी वाद घालायचा तर घाला.

अजून एक. काही बोर्डिंगं नुसती राहायची जागा म्हणून थांबली नाहीत. धाकटे युवराज प्रिन्स शिवाजी १९१८ ला शिकारीच्या अपघातात गेले, त्यांच्या नावानं १९२० ला फ्री बोर्डिंग निघालं. आज न्यू कॉलेज, महाराष्ट्र हायस्कूल ही त्याच संस्थेची. राशिवडेसाहेब, फुटबॉलचे बूट घातलेली तुमची पेठेतली निम्मी पोरं बोर्डिंगाच्याच शाळेत होती म्हणायची!

राशिवडे_८४
हे बाकी खरं मर्दा 😂

प्राची_राजारामपुरी
राशिवडे दादा, गावाच्या नावाची गोष्ट आवडली, मुद्दा निम्मा मागं घेते. निम्माच. आता दुसरा काढते. एवढ्या सगळ्या चर्चेत पोरं, पोरं आणि पोरं. मुलींनी कुठं वार लावायचे? बाहेरगावच्या मुलीला कोल्हापुरात ठेवायचं कुणाच्या मनातच नव्हतं, म्हणून इकडं पोरांची वीस बोर्डिंगं झाली तरी मुलींचं काम एकेका व्यक्तीवर चाललेलं. रखमाबाई केळवकरांकडं संस्थानातल्या मुलींच्या शाळांची जबाबदारी, त्यांच्या कन्या कृष्णाबाईंना डॉक्टरकीला पाठवलं. आणि प्रिन्स शिवाजी गेल्यावर त्यांच्या विधवा पत्नी इंदुमतीदेवी, वय किती कोवळं, त्यांना महाराजांनी सोनतळीला ठेवून शिकवलं, राजघराण्यातल्या काहींचा विरोध असताना, आणि सोबतीला वेगवेगळ्या जातीतल्या मुली ठेवल्या. म्हणजे गडहिंग्लजकर सर, बघा, सगळ्या जाती एकत्र राहून शिकल्या त्या सोनतळीच्या बंगल्यात, तेही मुली, साताऱ्याच्या बोर्डिंगाच्या आधी. तुमच्या पानावर हे येणार का?

गडहिंग्लजकर
येणार ताई, आणि आता एका पानात काय बसत नाही, संपादक मॅडमना दोन मागतो. सोनतळीचं मला खरंच माहीत नव्हतं. राशिवडे साहेब, रुळाच्या घंटेचा किंवा जुन्या पंगतीचा फोटो असला तर टाका. मंगळवार पेठकाका, जुने अहवाल बघायला करवीर नगर वाचन मंदिरात जावं का थेट बोर्डिंगांच्या ऑफिसात?

मंगळवार_पेठ
आधी वाचन मंदिर. ऑफिसात जायचं तर दुपारी चारनंतर जा आणि कमिटीतल्या कुणाची तरी ओळख काढून जा, नाहीतर चावी ज्यांच्याकडं आहे ते बाहेरगावी गेलेत असंच ऐकायला मिळेल. आणि बावड्यात लक्ष्मी विलास पॅलेसला पोरांना घेऊनच जा, महाराजांचं जन्मस्थळ आहे, गडहिंग्लजहून सहलीची एसटी मिळते.