हरणाऱ्या संघाचे गावाकडचे चाहते : आपापले अनुभव लिहा

अडाणकाठ

यंदा, म्हणजे २०२५ च्या गणेश चतुर्थीच्या रात्री, आरती-प्रसाद आटोपून घरातली माणसे झोपल्यावर, मी आणि माझा भाचा ओसरीवर मोबाइल घेऊन बसलो. इंग्लंडच्या लीग चषकात मँचेस्टर युनायटेडची गाठ ग्रिम्सबी टाउन या चौथ्या स्तरावरच्या संघाशी होती आणि आपल्याकडे सामना साडेबाराला सुरू झाला. अर्ध्या तासात आपण युनायटेडवाले दोन गोलांनी मागे पडलो, शेवटच्या पंधरा मिनिटांत कशीबशी बरोबरी झाली आणि पेनल्टी इतक्या लांबल्या की अखेरीस १२-११ असा निकाल ग्रिम्सबीच्या बाजूने लागला. भाच्याने मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाला, "मामा, यायले कायले पाह्यतं आपण?"

हाच प्रश्न २००८ च्या मे महिन्यात माझ्या वडिलांनी मला विचारला होता. मॉस्कोतल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात चेल्सीविरुद्ध १-१ अशी बरोबरी होऊन पेनल्टी सुरू झाल्या आणि नेमके त्याच वेळी भारनियमन सुरू झाले. नागपूरच्या मित्राकडून एकेका पेनल्टीचा संदेश मागवत मी अंधारात अंगणभर फिरत होतो. बाजेवर पडल्यापडल्या वडील म्हणाले, "ते जिंकले तं तुले काय भेटन?" त्या रात्री युनायटेड जिंकला, त्यामुळे उत्तर देण्याची वेळ आली नाही. भाच्याला मात्र काय सांगावे हे मला सुचले नाही.

आपल्या भागात असे आणखी चाहते आहेत हे मला ठाऊक आहे. क्लब कोणताही असो, तो बुडत असताना आपण गावात बसून काय सोसले ते लिहावे. तीन बचावपटू असावेत की चार, हा वाद कृपया येथे नको.

मचाणावरून

दादा, तो सामना मी शेतातल्या मचाणावर बसून पाहिला. खरिपात रानडुकरांसाठी आणि रोह्यांसाठी आम्हाला जागलीला जावेच लागते, त्यामुळे मध्यरात्रीच्या सामन्यांसाठी मी झोप मोडतो असे म्हणता येणार नाही. झोप डुकरांनी आधीच मोडलेली असते. गावात रेंज मिळत नाही, मचाणावर मात्र दोन कांड्या येतात. सामना चालू असताना आमचे तेव्हाचे प्रशिक्षक आमोरिम बाकावर बसून हातातल्या छोट्या फळीवरच्या सोंगट्या सरकवत होते. ते दृश्य पाहून मी इतक्या मोठ्याने ओरडलो की शेजारच्या धुऱ्यावरचे काका बॅटरी घेऊन धावत आले. त्यांना वाटले, डुक्कर आले.

संत्राबाग

मचाणावरचे भाऊ, डुक्कर गेले का नाही ते आधी सांगा.

मचाणावरून

गेले. त्या रात्री आमच्या बचावफळीपेक्षा माझ्या आरोळीने अधिक काम केले.

बोजा

मी सहकारी बँकेत कर्जविभागात काम करतो, म्हणून या विषयाकडे थोडे त्या बाजूने पाहतो. युनायटेडच्या दुरवस्थेचे खापर दर दोन वर्षांनी नव्या प्रशिक्षकावर फुटते. प्रशिक्षक फर्ग्युसन २०१३ मध्ये लीगचे विसावे विजेतेपद मिळवून निवृत्त झाले. त्यानंतर मोइस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शार, रांगनिक, टेन हाग आणि २०२४ मध्ये आमोरिम आले, परंतु एकविसावे विजेतेपद आलेले नाही. इतकी माणसे बदलूनही फळ तेच मिळत असेल तर कारण वरच्या मजल्यावर शोधावे लागते. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पाउंडांना हा क्लब विकत घेतला, त्यासाठी मोठी रक्कम कर्जाने उभी केली आणि त्या कर्जाचा मोठा भाग क्लबवरच टाकला. कोणी तुमचे वावर विकत घ्यावे आणि त्या खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा बोजा त्याच वावराच्या सातबाऱ्यावर चढवावा, असा हा व्यवहार आहे. तेव्हापासून क्लब कमावतो आणि व्याज भरतो. २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ यांनी चौथ्या हिश्शाहून थोडी अधिक मालकी घेतली आणि फुटबॉलचा कारभार हाती घेतला, परंतु भागधारकांच्या मतांचे बहुमत अजून त्याच कुटुंबाकडे आहे.

तिथल्या चाहत्यांनी काहीच केले नाही असे नाही. विक्री झाली त्याच वर्षी काहींनी वेगळे होऊन एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःच्या मालकीचा क्लब काढला. २०१० मध्ये हजारो लोक लाल रंग सोडून हिरवे-सोनेरी रुमाल गळ्यात घालून मैदानात बसले. १८७८ मध्ये रेल्वे कामगारांनी न्यूटन हीथ या नावाने क्लब काढला तेव्हाचे ते रंग. मे २०२१ मध्ये तर लोक थेट क्लबच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या हिरवळीवर उतरले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला.

माझी खंत वेगळी आहे. २०२४-२५ च्या हंगामात मध्येच सदस्यांची उरलेली तिकिटे सरसकट ६६ पाउंडांची केली, मुलांची आणि वृद्धांची सवलतही काढली, तेव्हा तिथला माणूस निदान "मी तिकीट काढणार नाही" असे म्हणू शकला. दिग्रसला बसलेल्या मला तिकीट काढायचेच नसते. मग न काढण्याची धमकी मी कोणाला द्यावी?

खडू-फळा

सातबाऱ्याचा दृष्टान्त उद्याच वर्गात वापरतो. मी आर्सेनलचा चाहता असून युनायटेडवाल्यांनी आपल्यालाच दुःख आहे असे समजू नये, एवढेच सांगायला आलो. २००३-०४ च्या हंगामात आमचा संघ ३८ सामन्यांत एकदाही हरला नाही आणि त्यानंतर २०२५ पर्यंत आम्ही लीग जिंकली नाही. २०२२-२३ पासून २०२४-२५ पर्यंत तीन हंगाम आम्ही सलग दुसरे आलो. तुमच्यासारखा पंधरावा क्रमांक आला की माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. दुसरा क्रमांक आला की एप्रिलपर्यंत आशा ठेवावी लागते आणि परीक्षांच्या दिवसांत, पेपर तपासता तपासता, ती सोडावी लागते. मागच्या बाकावरची दोन मुले युनायटेडची आहेत. ती मला "सर, औंदा?" एवढेच विचारतात.

अडाणकाठ

गुरुजी, आपले दुःख मान्य आहे, परंतु आपल्या दुसऱ्या क्रमांकासाठी मी आज माझे अर्धे वावर लिहून देईन.

घरची लक्ष्मी

मी कोणत्याही संघाची चाहती नाही. या आजाराच्या माणसाबरोबर संसार करते. मार्च २०२३ मध्ये होळीच्या आदल्या रात्री आमच्याकडे पाहुणे होते आणि दुसऱ्या दिवशीच्या पुरणाची डाळ मी निवडत होते. हे युनायटेडचा लिव्हरपूलविरुद्धचा सामना पाहत होते. मध्यंतराला एकच गोल झाला आहे असे पाहुण्यांना सांगून त्यांनी धीर दिला. त्यानंतर सहा गोल झाले आणि सामना ७-० असा संपला. आदल्याच आठवड्यात एक चषक जिंकला म्हणून यांनी गावातल्या मुलांना कचोऱ्या खाऊ घातल्या होत्या, हे लक्षात घ्या. सासूबाईंनी यांचा चेहरा पाहून, कोणाच्या घरची वाईट बातमी आली, असे मला स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारले. काय सांगावे ते न कळून मी "यांच्या मित्राचं नुकसान झालं" असे सांगितले. सासूबाई आजही त्या मित्राची चौकशी करतात.

बोजा

ताई, त्या मित्राची तब्येत अजून सुधारलेली नाही, असे सासूबाईंना कळवा.

मुलचेऱ्याचा लाल-सोनेरी

इथे सगळे विलायतेचेच बोलत आहेत, म्हणून आमचेही लिहितो. आमचे कुटुंब पूर्व बंगालातून आले. आजोबा रायपूरजवळच्या माना कॅम्पात राहून नंतर गडचिरोली जिल्ह्यातल्या वसाहतीत स्थायिक झाले. माझे शिक्षण मराठीत झाले, शेती धानाची आहे आणि घरात बंगाली बोलली जाते. आमच्याकडे संघ निवडावा लागत नाही; ज्याचे गाव सीमेपलीकडे राहिले तो कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबचा. १९२० मध्ये स्थापन झालेला हा क्लब आजोबांना आकाशवाणी कोलकात्याच्या समालोचनातून कळत असे, आणि रेडिओ खरखरू लागला की ते तो कानाला लावून अंगणात दिशा शोधत.

वडिलांनी चांगले दिवस पाहिले. २००३ मध्ये आमच्या संघाने जाकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकली आणि २००३-०४ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. त्यानंतर ती लीग आमच्या वाट्याला आलेली नाही. पुढे तिचे नाव आय-लीग झाले, आणि २०१८-१९ मध्ये तिथे चेन्नई सिटीपेक्षा फक्त एक गुण कमी पडला. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, आयएसएल (इंडियन सुपर लीग) या देशातल्या वरच्या लीगमध्ये प्रवेश मिळाला तेव्हा वसाहतीत मिठाई वाटली होती. पहिल्या हंगामात नववे आलो आणि दुसऱ्या हंगामात वीस सामन्यांत एकच विजय मिळवून तळाला, अकराव्या क्रमांकावर राहिलो. गुंतवणूकदार येतात आणि जातात, प्रत्येक वेळी करारावरून भांडण होते, हंगामाची तयारी उशिरा सुरू होते, चांगले खेळाडू तोवर दुसरीकडे सही करून मोकळे होतात. बोजा सरांनी मालकीचा जो मुद्दा मांडला, तो आमच्याकडेही तंतोतंत आहे, फक्त रकमा लहान आहेत.

जानेवारी २०२४ मध्ये भुवनेश्वरला ओडिशा एफसीला ३-२ असे हरवून सुपर कप मिळाला, तेव्हा बारा वर्षांनी राष्ट्रीय स्तरावरचा चषक आला म्हणून वडील रडले. १७ ऑगस्ट २०२५ ला ड्युरँड चषकात आमचा कट्टर प्रतिस्पर्धी मोहन बागानला २-१ असे हरवले. जिंकल्यावर इलिश मासा रांधण्याची आमची रीत आहे. मुलचेऱ्यात इलिश मिळत नाही, म्हणून तलावातला रोहू आणला. तीनच दिवसांनी उपांत्य फेरीत डायमंड हार्बर या २०२२ मध्ये निघालेल्या क्लबने आम्हाला हरवले. वडील म्हणाले, "मासा जरा थांबून आणायला हवा होता." त्यातच २०२५ मध्ये फुटबॉल महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातल्या करारावरून आयएसएलचा नवा हंगामच थांबवून ठेवला गेला. तुमचा संघ निदान हरायला तरी मैदानात उतरतो.

अडाणकाठ

आपला प्रतिसाद वाचून मी ग्रिम्सबीचे रडगाणे परत घेतो. वडिलांना नमस्कार सांगा.

कन्हानपार

आमच्या कामठीत फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. म्हणून एक प्रश्न विचारतो, कोणी रागावू नये. क्रिकेटमध्ये विदर्भाने रणजी करंडक तीनदा जिंकला, शेवटचा मार्च २०२५ मध्ये, तो सुद्धा नागपुरात. फुटबॉलमध्ये मात्र देशाच्या वरच्या लीगमध्ये खेळणारा, आपला म्हणावा असा एकही क्लब विदर्भात नाही. पुण्यातला आयएसएलचा संघही २०१९ मध्ये बंद झाला. मग आपण मँचेस्टर उसने आणतो आणि मँचेस्टरने आपले ऐकावे अशी अपेक्षा धरतो. कामठीच्या मैदानावर रविवारी सामने पाहायला या. तिथे प्रशिक्षकाला तोंडावर बोलता येते, आणि तो उलट बोलतोही.

बोजा

मुद्दा योग्य आहे, परंतु अर्धाच. गावच्या संघावर प्रेम केले म्हणून दुसरे सुटत नाही. मी दोन्ही पाहतो आणि दोन्ही हरतात.

आठवा स्टँड

लिव्हरपूलचा चाहता आहे. दगड मारू नयेत. आमची प्रतीक्षा १९९० ते २०२० अशी तीस वर्षे चालली आणि विजेतेपद आले तेव्हा टाळेबंदी होती. चेल्सीने मँचेस्टर सिटीला हरवल्यामुळे आम्ही घरबसल्या विजेते झालो. आमच्या गावात मी एकटाच होतो, बाहेर पडायला बंदी होती आणि मिरवणूक काढायची तर अंगणातल्या गाईभोवती. ती मी काढली.

खडू-फळा

गाईची प्रतिक्रिया नोंदवली असल्यास कळवावे.

नवा पीकविमा

मी मे २०२५ मध्ये युनायटेड पाहणे बंद केले आणि त्याबद्दल मला कोणतेही दुःख नाही. बिल्बाओच्या युरोपा लीग अंतिम सामन्यासाठी गच्चीवर पडदा बांधला होता, बारा-पंधरा पोरे जमवली होती, उकाड्यात मठ्ठा केला होता. लीगमध्ये तेव्हा सोळावे असलेले आम्ही सतराव्या असलेल्या टॉटनहॅमकडून १-० असे हरलो. हंगाम संपला तेव्हा लीगच्या ३८ सामन्यांत १८ पराभव, ४२ गुण आणि पंधरावा क्रमांक; १९७३-७४ मध्ये क्लब खालच्या विभागात गेला होता, त्यानंतरची ही सर्वांत वाईट जागा. अंतिम सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ॲपची वर्गणी बंद केली. बोजा सर म्हणतात की आपल्या हातात काही नाही, पण हे तर होते. भारतातून पैसा जातो म्हणून तर सामने आपल्याला दिसतात.

बोजा

हे मला पटले. प्रक्षेपणाच्या पैशात आपला वाटा आहे. तरीही तुम्ही काल रात्रीचा बर्नलीविरुद्धचा निकाल पाहिलाच असेल, अशी मला दाट शंका आहे.

नवा पीकविमा

निकाल पाहणे आणि सामना पाहणे यांत फरक आहे. ३-२. सत्त्याण्णव्या मिनिटाला पेनल्टी. अशा विजयाला विजय म्हणत नाहीत.

मचाणावरून

आम्ही म्हणतो. मी काल भाच्याला पाठवायचा म्हणून त्या पेनल्टीचा व्हिडिओ अडाणकाठ दादांना खासगीत धाडला आहे. १४ सप्टेंबरला सिटीविरुद्ध सामना असून तो रात्री नऊलाच आहे, त्यामुळे जागलीला जाण्याआधी निम्मा घरी पाहता येईल. त्या दिवशी शेजारच्या काकांना आधीच सांगून ठेवतो, म्हणजे बॅटरी घेऊन उगाच धावायला नकोत.

अडाणकाठ

व्हिडिओ भाच्याला दाखवला. "बर्नली कोन व्हय?" असे विचारून तो पुन्हा कबड्डी पाहू लागला. सिटीच्या सामन्याला बसणार का, असे मी विचारले आहे. विसर्जन झाल्यावर सांगतो म्हणाला.