मदत हवी आहे: गालांवरचे वांग

नमस्कार मंडळी. मी घणसोलीची, वय ३८. धाकटीच्या वेळी सातव्या महिन्यात गालांवर आणि ओठाच्या वर तपकिरी डाग उठले. आई म्हणाली, वांग आहेत, बाळंतपणानंतर जातील. लेक चार वर्षांची झाली, वांग तिथेच.

मध्ये मूर्खपणा केला. मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून ट्यूब आणून सहा महिने लावली. चेहरा असा उजळला की सासूबाईंनीही नाव विचारलं! बंद केल्यावर डाग आधीपेक्षा गडद, वर लाली आणि पुरळ. मग खोका वाचला: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. शेवटचं चक्क स्टेरॉइड.

आता त्वचेच्या डॉक्टरांनी ॲझेलेइक ॲसिड आणि आयर्न ऑक्साइडवालं टिंटेड सनस्क्रीन दिलंय, कारण नुसत्या ऊन्हाने नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वांग गडद होतात. पण ठाण्याला लोकलमधून उतरेपर्यंत अर्धं सनस्क्रीन रुमालावर.

सावळ्या रंगावर राखाडी न दिसणारं, घामात टिकणारं कुठलं वापरता? आणि वांगांसाठी ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या (मुळात रक्तस्राव थांबवणाऱ्या) गोळ्या कुणी घेतल्यात का? आईच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती, म्हणून डॉक्टर कचरतायत.

लिंबू, जायफळ, बटाटा कृपया सांगू नका. करून झालंय, लिंबाने तर आगच झाली.