ज्यूसर घ्यायचाय, साधा की कोल्ड प्रेस?

मुग्धा_कोथरूड:
नमस्कार मंडळी, दोन महिने घरात हाच विषय चाललाय, आता निकाल लावायचाय. सासूबाईंना सकाळी गाजर-बीट-आवळा असा रस लागतो, मुलाला मोसंबी, आणि नवऱ्याने कुठेतरी दुधीच्या रसाचं ऐकलंय म्हणून आता तोही. सध्या मिक्सरमधून फिरवून पंचातून पिळते, हात लाल आणि ओटा त्याहून लाल. दुकानात गेले तर तिथला मुलगा म्हणे मॅडम साधा घेऊच नका, त्यात सगळी व्हिटॅमिन्स जळून जातात, कोल्ड प्रेसच घ्या, आणि किंमत पंधरा हजार! खरंच एवढा फरक पडतो का? आणि धुवायला कुठला सोपा ते खरं खरं सांगा, कारण भांडी मीच घासते.

खादाड_बंड्या:
रस कशाला, गाजराची कोशिंबीर खा की. पंधरा हजार वाचले.

मुग्धा_कोथरूड:
बंड्या, सासूबाईंना कवळी आहे रे.

नागपुरी_संत्रा:
जळून बिळून काही जात नाही, एका ग्लासाला मिनिटभर मशीन चालतं तेवढ्यात रस कोमट पण होत नाही. साध्या ज्यूसरमध्ये तळाला किसणीसारखी दातेरी चकती असते, ती मिनिटाला दहा-बारा हजारांच्या पुढे फेरे घेते, त्यावर फोड पडली की किस होतो आणि जाळीतून रस बाहेर फेकला जातो, वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये कपड्यातलं पाणी निघतं ना अगदी तसं. कोल्ड प्रेसमध्ये जाड मळसूत्र असतं, ते मिनिटाला 40 ते 80 फेऱ्यांनी रेटून रेटून पिळतं, उसाच्या चरकाचा लहान भाऊ म्हणा. पहिल्यात हवा घुसते म्हणून फेस जास्त आणि ग्लास दहा मिनिटं ठेवला की वर चोथट थर खाली पाणी. आणि पालक, पुदिना, गव्हांकुर साध्यात घातले तर अर्धी पानं तशीच्या तशी चोथ्यात जातात. पण गाजर, बीट, सफरचंद एवढंच असेल तर साधाही उत्तम काम करतो. मोसंबीला मात्र यातलं काहीच नको, हाताने दाबायचा स्क्वीझर घ्या, शे-दोनशेत येतो. मशीनमध्ये बी चिरडली की रस कडू, आणि नागपूरच्या माणसाला हे सांगायला लागू नये.

चोथा_विशारद:
मी दोन्ही वापरलेत त्यामुळे धुण्याचं मी बोलते. साध्याची जाळी म्हणजे बारीक भोकांची गाळणी, त्यात गाजराचे नारिंगी तंतू जाऊन बसतात आणि अर्ध्या तासात असे वाळतात की नखानेही निघत नाहीत. म्हणून रस प्यायच्या आधी जाळी नळाखाली धरायची, ब्रश बाहेरच्या बाजूने आत मारायचा, मग उजेडाला धरून बघायची, एक जरी भोक बुजलेलं दिसलं तर परत. कोल्ड प्रेसला पण जाळी असतेच हो, दुकानदार सांगत नाहीत. शिवाय खाली चोथा बाहेर पडतो तिथे रबराची झडप असते, ती उघडून धुतली नाही तर तिसऱ्या दिवशी वास. वेळ मला दोन्हीला सारखाच लागतो, सात-आठ मिनिटं. गाजरं लांब फोडी करून, आवळा बी काढून, नाहीतर मळसूत्र अडकतं. पपई, चिकू, केळं, आंबा ज्यूसरमध्ये नाही, नुसता गर होऊन जाळी बुजते, त्याला मिक्सरच. किलोभर गाजराचा माझ्याकडे कोल्ड प्रेसमधून अर्धा लिटरच्या आसपास रस निघतो, साध्यातून थोडा कमी आणि चोथा ओला. तो चोथा टाकू नका, भाजणीत मळून थालीपीठं करा.

निवृत्त_कंपाउंडर:
ताई, दुधीचं जरा ऐका. रस काढायच्या आधी एक चकती जिभेवर ठेवून बघायची, किंचित जरी कडू लागली तर अख्खा दुधी टाकायचा, मध-लिंबू घालून प्यायचा नाही. कडवटपणा कुकुर्बिटासिनचा असतो, तो विषारी असतो, उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, बीपी खाली. 2010 साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ असा कडू रस पिऊन गेले, त्यानंतर आयसीएमआरने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने, समिती नेमली, तिनेही हेच सांगितलं. आणि एक, सासूबाईंना शुगर असेल तर रस काढला की तंतू चोथ्यात जातो आणि साखर तेवढी ग्लासात उरते, तेव्हा बीट-गाजर मोजूनमापून. मुतखडा होऊन गेला असेल तर बीट आणि पालक डॉक्टरांना विचारून.

मुग्धा_कोथरूड:
शुगर आहे बॉर्डरवर, त्यामुळे आता अर्धा ग्लास आणि त्यात काकडी जास्त, असं आमचं तहात ठरलंय. काल चोथा_विशारद ताईंचं वाचून परत दुकानात गेले आणि त्या मुलाला म्हटलं, हा पंधरा हजारवाला माझ्यासमोर पूर्ण उघडून परत लावून दाखव. पाच मिनिटं झगडला, जाळी काही निघेना, शेवटी मालक आले. मग साधा घेतला, चार हजार आठशेचा, वर मोसंबीचा स्क्वीझर. आज सकाळी पहिला रस झाला. ब्रश बाहेरून आत मारला, उजेडाला धरली, दोन भोकं बुजलेली होती. थालीपीठात ओवा घालता का तुम्ही?

चोथा_विशारद:
ओवा नको, धने-जिरे. आणि पाणी कमी, चोथा ओला असतो.